ग्रान कीविराचं पाणी

आमच्या नागपूरच्या घरात भुताखेतांना प्रवेश नव्हता. ही फुशारकी नाही, घरचा नियम होता. आम्ही आंबेडकरी बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेताना जे जे सोडलं त्यात देव-देवी होत्या, आणि त्यांच्या मागोमाग येणारे मुंजे, हडळी, चकवेही होते. बाबा हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. आमच्या चौकात अमावास्येला कोणीतरी नारळ उतरवून टाकायचं. अख्खी गल्ली त्याला वळसा घालून जायची. बाबा सकाळी फिरून येताना तो उचलून घरी आणायचे आणि आई त्याची चटणी करायची. त्या चटणीवर मी वाढलेय. त्यामुळे या सदरातले तुमचे अनुभव मी आजवर वाचत आले ते चहाबरोबर तोंडी लावायला म्हणून... रागावू नका, खरं तेच सांगते.

आज मी स्वतःच लिहायला बसलेय. काही मांडून सिद्ध करायचं नाहीये. जे झालं ते नीट क्रमाने सांगायचंय, कारण माझ्याकडे त्याचं उत्तर नाही आणि मला ते हवं आहे.

मी नेपरव्हिलला राहते, शिकागोच्या पश्चिमेला. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे बाकीच्यांनी 'झालं' म्हटलेलं काम खरंच झालंय का, हे बघायचा मला पगार मिळतो. घरी नवरा आणि मुलगी. तिचं नाव मैत्री, ती सहावीत. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. बाबांनी पंचाहत्तरी ओलांडलेली. त्याआधीच नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की त्यांचा विसराळूपणा वयाचा नाही, आजार आहे आणि तो वाढत जाणार.

फोनवर मला ते तितकंसं जाणवलं नव्हतं. समोर आल्यावर जाणवलं. बाबा जावयाचं नाव विसरायचे, दिवाणखान्यातून बाथरूमकडे जायचा रस्ता विसरायचे. ज्या माणसाने हजारो पोरांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या, तो सकाळी विचारायचा, "आज शाळेला सुट्टी आहे का गं?" हे सगळं मी सहन करू शकत होते. एकच गोष्ट सहन होत नव्हती.

आमच्या फ्रीजच्या दारातून पाणी येतं. बटण दाबलं की ग्लासात पडतं. बाबा ग्लास घ्यायचेच नाहीत. फ्रीजसमोर वाकून उभे राहायचे, कपाळाने बटण दाबायचे आणि खाली ओंजळ धरायचे. पाणी ओंजळीतून मनगटावर, मनगटावरून कोपरावर, तिथून शर्टाच्या पुढच्या भागावर. रोज, दिवसातून कितीतरी वेळा. मैत्री हसून म्हणायची, "आजोबा, यूज अ ग्लास ना!" आणि पेपर टॉवेल आणून द्यायची. तिला ती गंमत वाटायची. मी आणि आई एकमेकींकडे बघायचो नाही.

भिवापूर तालुक्यातलं बाबांचं गाव. तिथल्या शाळेत एक रांजण होता. आमच्या वस्तीतल्या पोरांनी त्याला हात लावायचा नाही. चपराशी तांब्याने वरून पाणी ओतायचा आणि यांनी खाली ओंजळ धरायची. ओंजळीने पिताना शर्ट भिजतोच. मग ओल्या शर्टाने वर्गात बसायचं... म्हणजे कोण कुठल्या वस्तीतलं, हे मास्तरांना न विचारता कळायचं. हे बाबांनी मला एकदाच सांगितलं होतं, मी कॉलेजात असताना, आणि सांगताना आवाज अजिबात चढवला नव्हता. पुढे आयुष्यभर ते ऐटीत ग्लासानेच पाणी प्यायले. घरात काचेचे चांगले ग्लास असावेत हा त्यांचा हट्टच होता. आणि आता हा आजार एकेक पान पुसत चालला होता. बी.एड. पुसलं, लग्नाची तारीख पुसली, माझं बाळपण पुसलं, आणि ती ओंजळ मात्र तशीच्या तशी खालून वर आली. मला इतका संताप यायचा, की काय सांगू! सगळं विसरा बाबा, मला विसरा, पण आधी ते विसरा हो. मी फ्रीजजवळ त्यांच्यासाठी काचेचा ग्लास ठेवायचे. रोज सांगायचे. ते "हो हो" म्हणायचे आणि वाकायचे.

आता प्रवासाकडे येते. बाबांना फार वर्षांपासून मेक्सिकोत वाहाकाला जायचं होतं. तिथे झापोटेक लोकांच्या जुन्या नगरांचे अवशेष आहेत. मितला म्हणून एक ठिकाण आहे, तिथे स्पॅनिश लोकांनी येऊन झापोटेकांच्या महालावरच चर्च बांधलं, त्यांचेच दगड काढून. हे अभ्यासक्रमात नव्हतं, तरी बाबा नववीच्या पोरांना शिकवायचे. "जिंकणारा आधी पाणवठा ताब्यात घेतो, मग देऊळ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी तिकिटंही काढली होती. आणि ऐन वेळी माझ्या व्हिसाचं काहीतरी अडकलं. वकिलाने स्पष्ट सांगितलं, सध्या देशाबाहेर पाऊल टाकू नका. कॅन्सल केलं सगळं. बाकीचं विसरणारे बाबा हे मात्र विसरेनात. रोज सकाळी तयार होऊन सोफ्यावर बसायचे. "कधी निघायचं?"

मग मी ठरवलं, की यांना अवशेष बघायचेत ना, दाखवणारच. देशाच्या आत शोधलं तर न्यू मेक्सिको सापडलं. तिथे झापोटेक नाहीत, प्वेब्लो लोकांची गावं आहेत, पण गोष्ट तीच. दगडी घरांच्या गावात स्पॅनिश पाद्री आले आणि त्यांनी गावाच्या उरावर भलंमोठं चर्च उभं केलं. अशा जागांपैकी एक ग्रान कीविरा. नवऱ्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं आणि मैत्रीचा कॅम्प, म्हणून आम्ही तिघंच निघालो. शिकागो ते अल्बुकर्की विमानाने, पुढे भाड्याची गाडी. जूनचा महिना होता. बाबांच्या हातात लोकेशन कळणारं घड्याळ बांधलं, तिघांना तीन बाटल्या, टोप्या, ओआरएसची पाकिटं. टेस्टर आहे मी, काय काय बिघडू शकतं याचा विचार आधी करते.

माउंटनएअर नावाच्या छोट्या गावात खाऊन आम्ही दक्षिणेला वळलो. त्यानंतर रस्त्याला काही नाही. पिवळं गवत, बुटकी जुनिपरची झाडं, लांबवर डोंगर. ग्रान कीविराला पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि पार्किंगमध्ये आमची एकच गाडी. रेंजरबाई पन्नाशीच्या, मोठी टोपी घातलेल्या, प्रेमळ. म्हणाल्या, "वर पाणी नाही हं, बाटल्या इथेच भरून घ्या." आम्ही भरल्या.

टेकडीवर पायवाट जाते. एका बाजूला प्वेब्लो लोकांच्या खोल्या, एकीला एक लागून, आमच्याकडच्या चाळीतल्या खोल्यांएवढ्याच. छप्परं गेलेली, भिंती कुठे कमरेएवढ्या, कुठे डोक्याएवढ्या. दुसऱ्या बाजूला चर्चच्या करड्या दगडाच्या उंच भिंती. ते चर्च पुरं झालंच नाही. त्याआधीच दुष्काळ पडला, उपासमार झाली, आणि लोक गाव सोडून निघून गेले. हे सगळं तिथल्या फलकावर लिहिलंय. बाबांनी ते दोनदा वाचलं, बोट फिरवत, आणि बऱ्याच महिन्यांनी मला माझे जुने बाबा दिसले.

"पाण्यावाचून गाव उठलं म्हणते हे," ते म्हणाले. "अन् एवढ्या भिंतींचा चिखल कालवायला पाणी कोणी वाहिलं असंल? पाद्र्यानं?"

"बायांनी," आई म्हणाली. "आणखी कोण वाहते पाणी?"

मी हसले. इतकी खूश होते मी, की बस्. तेवढ्यात आईला उन्हाने गरगरलं. मी तिला धरून चर्चच्या भिंतीच्या सावलीत नेऊन बसवलं, पाणी पाजलं, तोंडावर ओला रुमाल ठेवला. बाबा फलकासमोर उभे होते, मी बघत होते. आईच्या टोपीचा बंद सैल केला आणि वर पाहिलं तर फलकासमोर कोणी नाही.

फलकाच्या पायाशी त्यांची बाटली होती. भरलेली.

पहिल्यांदा घाबरायला होत नाही, चिडायला होतं. मी हाका मारल्या. खोल्यांत डोकावले, चर्चच्या आतून फिरून आले. घड्याळाचं लोकेशन बघावं तर फोनला सिग्नलच नाही. मग धावत खाली गेले. रेंजरबाईंनी एका सेकंदात रेडिओ उचलला. गावातून मदत मागवली आणि म्हणाल्या, अशा आजाराची माणसं बहुतेक वेळा रस्त्याच्या दिशेने जातात, मी ट्रक घेऊन तिकडे बघते. तुम्ही दोघी इथे एसीमध्ये थांबा.

हे मी आईला मराठीत सांगितलं. आई खुर्चीतून उठली. गुडघे दुखणारी, नऊवारी सोडून पाचवारीत आलेली आणि पाचवारीखाली माझे जुने स्पोर्ट्स शूज घातलेली माझी आई.

"मी काहून बसू इथं? माणूस माझा हरवला आहे. तिला सांग, तू रस्ता बघ, आम्ही वर बघतो."

"आई, तुला मघाशी चक्कर आली होती."

"आली होती. आता गेली. चाल."

पुढचा वेळ कसा गेला ते मला धड सांगता येणार नाही. दुपार उतरायला लागली तरी ऊन तसंच होतं. दगडाला हात लावला की चटका बसायचा. गावाकडून दोन गाड्या आल्या, माणसं खालच्या बाजूला पांगली. मी मनातल्या मनात हिशेब करत होते, की एवढ्या वयाचा माणूस, पाण्याशिवाय, टोपी आहे की पडली कुणास ठाऊक... आणि तो हिशेब मला पुरा करायचा नव्हता. माझी बाटली मी केव्हाच आईला पाजली होती. आई न थांबता हाका मारत होती. लग्नापासून ती बाबांना 'मास्तर' म्हणते. त्या ओसाड टेकडीवर तिचं ते "अहो मास्तर! मास्तर हो!" भिंतींवर आपटून परत यायचं. एकदा मी म्हटलं, आई, आपण खाली जाऊ, त्या लोकांना बाबा सापडले असतील. ती म्हणाली, "सापडले असते तर भोंगा वाजवला असता. तू थकली असशील तर बस."

मी बसले नाही.

खोल्यांच्या मागच्या अंगाला, जिथे पायवाट संपते आणि 'पुढे जाऊ नये' अशी पाटी आहे, तिथे आई थांबली. खाली बघायला लागली. मग वाकली आणि एका सपाट दगडावर बोट टेकवून मला दाखवलं. बोट ओलं होतं.

दगडावर पाण्याचे थेंब होते. चार-पाच, रुपयाएवढे. त्याच्या पुढच्या दगडावर आणखी.

"कोणाची तरी बाटली गळतेय," मी म्हटलं. "शोधायला आलेल्यांपैकी."

"बाटली नाही हे." आई आता हाका मारत नव्हती. हळू बोलत होती. "बाटली गळली तर टिपटिप एका ओळीत पडते. हे बघ, एकदा इकडं, एकदा तिकडं. अन् ही पायरी आली तिथं जास्त सांडलं. डोक्यावर भरलेलं भांडं आहे हे. चढताना हिंदकळते."

आईने लहानपणी मैलभर लांबून पाणी आणलेलं आहे. ती हे इतक्या साधेपणाने बोलली, की क्षणभर मलाही ते साधंच वाटलं. कुठेतरी कोणी बाई पाणी घेऊन चाललीय, तिच्या मागे जावं. मी पाटी ओलांडली. आईने साडीचा ओचा वर खोचला आणि माझ्या पुढे झाली.

थेंब दोन भिंतींच्या मधून गेले, एका पडलेल्या उंबऱ्यावरून गेले, वळले. आमच्यापुढे कोणीही नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. भिंती तिथे कमरेएवढ्याच आहेत, सगळं उघडं दिसतं. आणि तरी थेंब ताजे होते. मागे वळून पाहिलं तर पहिले दगड कोरडे पडलेले. पुढे पाहिलं तर ओले.

एका खोलीच्या कोपऱ्यात भिंत जरा उंच राहिलीय. तिथे सावलीचा एक पट्टा पडला होता. त्या पट्ट्यात बाबा मांडी घालून बसले होते. टोपी मांडीवर ठेवलेली.

"बाबा!"

"अगं हळू. ओरडून काहून राहिली?"

मी त्यांच्यापुढे गुडघ्यावर पडलेच जवळजवळ. त्यांचं कपाळ गार होतं. गालाला हात लावला, मानेला लावला. आईने फलकापासून उचलून आणलेली त्यांचीच बाटली उघडून त्यांच्या ओठाशी नेली. त्यांनी ती बाजूला केली.

"नको. आत्ताच प्यालो."

"कुठे प्यालात?"

"त्या बाईनं दिलं ना."

"कोणती बाई, बाबा?"

त्यांनी आम्ही आलो त्या दिशेला हात केला. "आत्ता तर गेली. तुमच्या समोरूनच गेली असंल. दिसली नाही का?"

तुम्ही म्हणाल, अंगावर काटा आला असेल. नाही आला. मला तेव्हा फक्त बाबा दिसत होते. त्यांच्या मिशा ओल्या होत्या, टोकाला एक थेंब लटकत होता. मी त्यांचे हात हातात घेतले. दोन्ही तळवे ओले, आणि त्यांवर काळसर काहीतरी लागलेलं, चुलीवरचं मडकं उचललं की लागतं तसं. माठाच्या पाण्याला जो वास असतो, तो त्या हातांना होता. इतक्या वर्षांनी तो वास आला आणि मला रडू फुटलं.

"काय झालं नेमकं, मास्तर?" आईने विचारलं. ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली होती.

शब्द शोधताना हल्ली बाबांना वेळ लागायचा. पण त्या दिवशी शब्द सापडत होते.

"तहान लागली होती. इथं बसलो. ही आली, डोक्यावर भांडं. म्हातारीच होती. मी ओंजळ धरली." त्यांनी करून दाखवली, तीच, फ्रीजसमोरची. "तिनं ओतलंच नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मग माझे हात धरले अन् असे दूर केले. अन् भांडंच देल्लं हातात."

त्यांनी दोन्ही तळवे आमच्यापुढे धरले, मधे भांड्याएवढी जागा ठेवून.

आईने त्यांच्या शर्टाच्या पुढच्या भागावर हात फिरवला. मग बाह्यांवर, कोपरापाशी. पुन्हा पुढून फिरवला.

"शर्ट कोरडा आहे," ती म्हणाली. एवढंच.

खाली आणल्यावर ॲम्ब्युलन्सवाल्याने बाबांना तपासलं. बीपी ठीक, जीभ ओली, त्वचा छान. म्हणाला, हे वेळच्या वेळी पाणी प्यायलेत, शाबास. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तुमचीच तब्येत बरी दिसत नाही, आणि मलाच बसवून मिठाचं पाणी पाजलं. दरम्यान आईने वेट वाइप्स काढून बाबांचे हात स्वच्छ पुसले. मी बघितलं तेव्हा काळे वाइप्स कचऱ्याच्या पिशवीत गेले होते आणि ती पिशवी कोणीतरी उचलून नेली होती. या सगळ्या प्रकाराचा एकुलता एक पुरावा माझ्या सख्ख्या आईने टापटीपपणे नष्ट केला!

रेंजरबाईंना मी विचारलं, इथे कोणी पारंपरिक कपड्यांत, मातीचं भांडं घेऊन काही दाखवायला येतं का? कधीमधी कार्यक्रम होतात, त्या म्हणाल्या, पण आज नाही. शोधायला आलेल्या गाड्या सोडल्या तर आज फाटकातून तुमचीच गाडी आत आली. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "ते ठीक आहेत ना? मग मी आजचा दिवस चांगला म्हणणार."

आता माझं. मी हे असं सोडणारी नाही. दुसऱ्या दिवशी आमचं परतीचं विमान संध्याकाळचं होतं. आई-बाबांना खाली रेंजरबाईंच्या एसीत बसवून मी दुपारी पुन्हा वर गेले, बाटली घेऊन. पाटीच्या अलीकडच्या दगडांवर थेंब टाकले, तेवढेच मोठे. सावकाश एक श्वास घेऊन सोडेपर्यंत कडा आत येऊ लागल्या आणि काही वेळातच डाग गेला. पुन्हा टाकले, पुन्हा गेले. म्हणजे आम्ही पाहिले ते थेंब कोणीतरी आमच्या अगदी पुढे, हाताच्या अंतरावर चालत टाकलेले असायला हवेत. मी बाटली डोक्यावर धरूनही चालून पाहिलं. हसू नका. पायरीवर जास्त सांडतं. आई बरोबर होती.

बाकीच्या शंका मीच काढते, तुम्ही काढायच्या आधी. शर्ट त्या उन्हात वाळला असेल? असेल, पण मग मिशा का नाही वाळल्या? हात कुठल्या जुन्या काजळीला लागले असतील? त्या खोलीत मला काजळी दिसली नाही. बाबा दुसरीकडे कुठे पाणी प्यायले? वर पाणीच नाही. आजारात भास होतात? होतात, डॉक्टरांनी सांगितलंय. पण भासाने तहान भागत नाही. आणि थेंब मी पाहिले, आईने बोट लावलं. आम्हा दोघींना तर आजार नाही.

विमानात बाबा खिडकीशी होते. मी त्यांना हळूच म्हटलं, "बाबा, ती बाई... ती खरी नसेल हो. तिथे कोणीच नव्हतं." मला वाटलं, ते विसरलेही असतील.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वर्गात मूर्ख प्रश्न आला की करायचे तसं.

"भूत म्हणून राहिली का तिला?"

"तसं नाही..."

"ज्यांनी वरून ओतलं ते सारे जिवंत होते," बाबा म्हणाले. "हिनं हातात देल्लं. मग हिला भूत काहून म्हणायचं?"

आमच्या घरात भुताला प्रवेश नव्हता आणि अजूनही नाही, हे मी ठामपणे सांगते. पण एक तहानलेला माणूस होता आणि त्याला कोणीतरी पाणी दिलं, हेही मी तितक्याच ठामपणे सांगते. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसतात, हे तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा. नुसतं 'योगायोग' लिहू नका, तो माझा तपासून झालाय.

नेपरव्हिलला आलो त्या रात्री बाबा लवकर झोपले. सकाळी मी डबे भरत होते. बाबा स्वयंपाकघरात आले आणि फ्रीजसमोर उभे राहिले. मी पेपर टॉवेल काढायला वळले, सवयीने. मागे बटणाचा आवाज आला, पाण्याचा आला. ग्लासात पडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा असतो.

बाबांनी काचेचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता. एका हाताने नाही, दोन्ही तळव्यांत, माठ धरावा तसा. सावकाश, तोंड लावून, अख्खा प्यायले.

तेव्हापासून एकदाही त्यांनी ओंजळ धरलेली नाही. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जुन्या सवयीही जातात कधी कधी. ठीक आहे. जातात. पण बाकीचं सगळं राहून नेमकी तीच, त्याच प्रवासानंतर?

आता ते नागपूरला आहेत. न्यू मेक्सिको विसरले, विमान विसरले. व्हिडिओ कॉलवर मी कोण, हे आई सांगते तेव्हा त्यांना कळतं. परवा कॉल चालू असताना आईने त्यांना पाणी आणून दिलं. त्यांनी दोन्ही हातांत ग्लास घेतला. पिऊन झाल्यावर त्यांचं लक्ष स्क्रीनकडे गेलं आणि ते माझ्याकडे बघत राहिले. मी कोण ते त्यांना आठवत नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी त्यांनी ग्लास खाली ठेवला, शर्टाच्या पुढच्या भागावरून एकदा हात फिरवला आणि मला दाखवला.

"कोरडा आहे," ते म्हणाले.